टोपी जागची हलेना

पुंजारामच्या डोक्यात पहिला दगड बायडाबाईनं घातला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढं पोलिसांनी विचारलं, तेव्हा मात्र आमच्या सगळ्या गावाला त्या वेळी उन्हानं काही दिसत नव्हतं.

भांडण डोंगळ्यांचं होतं. डोंगळा म्हणजे काळा जाडजूड पाइप. एक तोंड पाटात बुडवायचं, दुसरं भरावाच्या पलीकडं आपल्या रानात सोडायचं. एकदा पाण्यानं भरून दिला की इंजीन नको, लाइट नको, बसल्या जागी पाणी ओढत राहतो. मोरवडकरांनी असे डोंगळे भरावावर ओळीनं टाकले होते. त्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला, आणि त्यांच्या खाली तीन-चार कोसांवर आमच्या खडकाळ्याची मोसंबी मान टाकून उभी. आमचं गाव पाटाच्या टेलाचं. टेल म्हणजे शेपूट. जनावराच्या शेपटाला निदान माश्या हाकायचं काम तरी असतं, आमच्या शेपटाला तेही नाही.

उन्हाळ्यातलं हे शेवटचं पाणी होतं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी धरणाचं दार पडणार, आणि मग पाऊस होईपर्यंत झाडांच्या मुळाशी थेंब जाणार नव्हता. गावात सगळ्यात मोठी बाग कल्याणची. बाप गेल्यावर त्यानं आणि त्याच्या आईनं, म्हणजे ह्या बायडाबाईनं, खडकात सुरुंग लावून खड्डे घेतले, तळ्याचा गाळ आणून भरला आणि मोसंबी लावली. औंदा पहिलाच बहार धरला होता. फळं लिंबाएवढी झालेली, आणि सकाळी बघावं तर झाडाखाली सडा. कल्याण ती पडलेली फळं टोपल्यात वेचून ठेवायचा. कशाला, ते त्यालाच ठाऊक. माणूस कष्टाळू, पण त्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागनं यायचं.

तर आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मोरवडच्या भरावावर गेलो. पुंजाराम आडवा झाला. त्याचे सगळ्यात जास्त डोंगळे.

"कुनाच्या बापाचा पाट हाय रं?"

"तुज्या न्हाई, एवढं नक्की," कल्याण म्हणाला आणि कुऱ्हाडीनं त्यानं पहिला पाइप तोडला.

पुंजारामनं त्याच्या नरड्याला हात घातला. दोघं भरावावरून लोळत खाली गेले. मग दगड बसला, पुंजारामच्या कपाळावरून रक्ताची धार डोळ्यात उतरली आणि त्याला दिसायचं बंद झालं. त्याचा चुलतभाऊ टिकाव घेऊन आला, त्याला योहाननं मागून कवळा घालून उचलला आणि बाभळीच्या काट्यांत टाकला. मोरवडची माणसं थोडी होती, आम्ही ट्रॉलीभर. ज्याच्या हाती ससा तो पारधी. अर्ध्या तासात सगळे डोंगळे तोडून, ओढून पाटात फेकून दिले.

योहानला तर चेव आला होता. योहान म्हणजे कल्याणचा जिवाचा दोस्त, बांधाला बांध. नाताळाला कल्याण त्याच्याकडं जेवायला, पोळ्याला योहानचे बैल कल्याणच्या दारात पुरणपोळीला. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली तांबडी टोपी घालून तो एकेक पाइप उचलायचा, पाण्यात भिरकावायचा आणि म्हणायचा, "जा, खडकाळ्याला जा. आमी येतो मागनं."

आम्ही पोट धरून हसलो. पाइपांत पाणी भरलं, हळूहळू ते बुडाले आणि दिसेनासे झाले. काळे पाइप, गढूळ पाणी. गावात परत आलो तेव्हा बायांनी ट्रॅक्टरला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आता पट्टीचं सांगतो. मोरवड आणि खडकाळ्याच्या मधे पाटावर एक पूल आहे. पुलाच्या दगडी खांबावर फुटाचे आकडे रंगवलेले आहेत, ती पट्टी. मागं अशाच एका मारामारीनंतर मोरवडच्या पीरमहंमदचाचांनी दोन्ही गावं त्या पुलावर बसवली आणि ठरवून दिलं. पट्टीवर तीन फूट पाणी असेल तर टेलाला पाणी पोचतं, मग खडकाळ्यानं ओरडायचं नाही. तीनच्या खाली गेलं की मोरवडनं आपलं पाणी बंद करायचं. आणि पट्टीवर माणूस बसवायचा तो खडकाळ्याचा. चाचा म्हणाले होते, "उपाशी मानूस ताटाकडं नीट बगतो." तेव्हापासून पाटाला पाणी सुटलं की त्या आवर्तनात पट्टीवर योहान बसायचा. आकडे पुसट झाले होते, म्हणून चर्चच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग आणून ह्या वेळी त्यानंच ते नव्यानं रंगवले होते. काढायला चांगले ठसठशीत काढले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत कल्याण फावडं घेऊन पाटातून रानात पाणी आणणाऱ्या चारीवर उभा. आम्ही सगळेच होतो. पट्टीवर योहानला फोन लागला.

"किती?"

"तीनला टेकलं," योहान म्हणाला.

आमच्या चारीत पाणी आलं. घोट्याएवढं. बायडाबाईनं ओंजळ भरून कपाळाला लावली. आणि बघता बघता ते पाणी उतरायला लागलं. चिखल दिसला, मग चिखलातले खेकडे दिसले.

"किती हाय रं?"

"सव्वातीन. चढतंय, कल्याण. नाच तिथं."

"हितं काय बी न्हाई."

"यील की. वाटंत आसंल. साडेतीनला लागलं बग आत्ता."

ऊन चढलं तसा कल्याणचा आवाज बदलत गेला. योहान फोनवर सांगतोय की पाणी भराभर चढतंय, चारला आलं, आणि इथं चारीला भेगा पडायच्या बेतात. बागेत फळं पडत होती, ती पडताना आवाज येत होता. तेव्हा आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, "पट्टीला रंग कुनी दिलाय ह्या टायमाला?"

कोण म्हणालं, ते आता कोणीच सांगत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण एकदा ते बोलणं बाहेर पडलं आणि प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं. योहान परवा मोरवडात चहा पीत होता. आकडे रंगवताना त्यानं कोणाला बरोबर नेलं नव्हतं. आकडा फूटभर खाली काढला की दोन फुटाचं पाणी तीन दिसतं, एवढं सोपं. फावडं खांद्यावर टाकून कल्याणनं मोटरसायकलला किक मारली. बायडाबाई माझ्या ट्रॅक्टरवर चढली. मागं ट्रॉलीत बाकीचे.

पुलावर गेलो तर पाट काठोकाठ. खरंच काठोकाठ. योहान पुलाच्या कठड्याला टेकून उभा होता, चेहरा आनंदानं फुललेला.

"बग," तो म्हणाला. "बगितलं का? पुलाच्या कमानीला लागलं पानी. पाट केल्यापास्नं येवढं आलं न्हवतं."

"कितीला इकलं आमाला?" कल्याणनं विचारलं.

योहानला कळलंच नाही. तो हसतच होता. "काय?"

"पट्टी कुठं सरकावली?"

"खुळा झाला का तू? दगडाला हाय ती पट्टी, सरकंल कशी?"

"आकडं खाली काडलंस."

"जुन्या आकड्यांवरच रंग वडलाय मी. उतर खाली, बग हात लावून—"

फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. योहान कठड्यावर आपटला, टोपी उडाली, दातांतून रक्त आलं. तो तरीही बोलायचा प्रयत्न करत होता, "कल्याण, आरं ऐक," असं दोनदा म्हणाला. कल्याणनं फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. योहाननं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेल्यांनी ऐकला. त्यानंतरही कल्याण थांबला नाही. पाठीवर, मांडीवर, पुन्हा त्याच हातावर. आणि आम्ही? आम्ही उतरलो, सोडवायला नाही. एकानं लाथ घातली, दुसऱ्यानं थुंकलं, एकजण त्याचा मोबाईल दगडावर आपटत होता. कालच ज्याच्या बोलण्याला पोट धरून हसलो होतो, त्याला आज आम्ही घेरून मारत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा मनाला बरं वाटत होतं. कोणीतरी हाताला लागलं होतं.

बायडाबाई एकटी कठड्याशी उभी होती. ती ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कल्याण, ती टोपी वाहत का न्हाई?"

कोणी लक्ष दिलं नाही. तिनं कल्याणच्या पाठीत चप्पल मारली तेव्हा तो वळला.

"टोपी बग. जागची हलंना ती."

आम्ही सगळे कठड्यावरून वाकलो. योहानची तांबडी टोपी पाण्यावर पडली होती. पाट काठोकाठ भरलेला, आणि टोपी जिथं पडली तिथंच. वाऱ्यानं जरा गोल फिरली, पुन्हा जागेवर आली. कठड्यावरनं योहानच्या रक्ताचे थेंब खाली पडत होते, तेही पडल्या जागीच पसरत होते. पाणी चालत नव्हतं. साचलं होतं.

त्या पुलाच्या खाली हाकेच्या अंतरावर पाट ओढ्याच्या बुडातून जातो. तिथं मोरी आहे. अलीकडं पाणी बुडतं, पलीकडं वर येतं. मोरीचं तोंड तुंबलं की अलीकडं पाणी फुगत जाणार आणि पट्टीवर चढत जाणार. योहाननं सांगितलेला आकडा न् आकडा खरा होता. आणि मोरी कशानं तुंबली, हे आमच्यातल्या कोणाला सांगावं लागलं नाही. काल आम्हीच त्यांना खडकाळ्याला जायला सांगितलं होतं.

योहान खाली पडल्या पडल्या आमच्याकडं बघत होता. एक डोळा सुजून मिटला होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

रस्त्यानं जाणारी एक जीप थांबवून त्याला तिसगावच्या दवाखान्यात धाडलं. जीपमध्ये घालताना आमच्यातल्या एका शहाण्यानं त्याच्या कानात सांगून बघितलं, "डाक्टरनं इचारलं तर मोरवडवाल्यांनी मारलं म्हन." योहाननं दुसराही डोळा मिटून घेतला.

कल्याण मोरीकडं पळाला आणि कपड्यांसकट आत उतरला. मोरीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, माणूस आत खेचला गेला तर ओढ्यापलीकडं मढंच निघतं. कमरेला दोर बांधून तो बुडी मारत होता, वर येत होता, परत बुडी. पाइपांना वेल गुंतलेले, बाभळीच्या फांद्या, प्लॅस्टिकच्या गोण्या, सगळ्याचा बोळा झालेला. दोर अडकवून ट्रॅक्टरनं ओढला तर दोर तुटला. भरावाला ओल फुटायला लागली होती. आणखी तासाभरानं भराव फुटून सगळं पाणी ओढ्याला गेलं असतं. ना मोरवडला, ना खडकाळ्याला.

तेवढ्यात मोरवडची माणसं आली. पुढं पीरमहंमदचाचा, बरोबर लोखंडी साखळ्या, आणि मागं डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला पुंजाराम. आमच्यातल्या चौघांनी दगड उचलले. चाचांनी दगडांकडं बघितलंसुद्धा नाही.

"टाका ते खाली," ते म्हणाले. "भराव फुटला तर आमचंबी रान जाईल. साखळी बांधा."

मग दोन गावांच्या दोन ट्रॅक्टरांनी मिळून तो बोळा उपसला. एकेक डोंगळा काठावर आला. शेवटचा निघाला तसं मोरीनं एकदम पाणी गिळलं, पाटाला भोवरा पडला आणि वरची टोपी वाहत आली. बायडाबाईनं काठीनं ती काढून घेतली.

कल्याण चिखलानं माखलेला, धापा टाकत काठावर बसला होता. पुंजाराम त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माजं पाइप हायेत हे," तो म्हणाला. "वळखलं का?"

कल्याणनं मान हलवली. पुंजारामनं त्याच्या कानाखाली मारली. कल्याण तसाच बसून राहिला. पुंजारामनं दुसऱ्या बाजूनं मारली, नाकातून रक्त येईस्तोवर. आम्ही उभे होतो. चाचा उभे होते. बायडाबाई पदरानं टोपीतलं पाणी पिळत होती. पुंजारामलाच शेवटी कंटाळा आला.

आमच्या चारीचा एक रिवाज आहे. शेवटच्या रानाला आधी पाणी. ज्याचं रान अगदी टोकाला त्यानं आधी भिजवायचं, त्यानं झालं म्हटल्यावर मग त्याच्या वरच्यानं, मग त्याच्या वरच्यानं. नाहीतर वरचे पितात आणि खालचे बघत बसतात. मोरवडला आम्ही शिव्या देतो त्या ह्याच रिवाजाच्या जोरावर. चारीच्या टोकाला रान योहानचं, त्याच्या वर कल्याणची बाग.

सकाळी चारी भरून वाहायला लागली. चालतं पाणी, फेस घेऊन आलेलं. दुपारी दार पडणार होतं. मेरी, योहानची बायको, तिसगावहून पहिल्या टेम्पोनं आली होती. योहानचा हात दोन ठिकाणी मोडला होता आणि नगरला नेऊन आत सळई घालावी लागणार होती. पाणी धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती आली. बघते तर कल्याण तिच्या मक्यात उभा राहून वाफे भरतोय.

"भायेर नीघ," मेरी म्हणाली.

"वयनी, मी धरतो पानी. तुमी बसा."

"माज्या रानातनं भायेर नीघ. आन् ते फावडं घिऊन जा. त्याला त्याचं रगात हाय."

कल्याण निघाला. वर जाऊन आपल्या बागेच्या तोंडाशी उभा राहिला. पाणी त्याच्या पायासमोरून चाललं होतं. एक फावडं माती ओढली असती तर सगळं पाणी त्याच्या मोसंबीला वळलं असतं. मागं झाडं, पुढं पाणी, मधे फावडं घेऊन तो.

योहानचं रान ते केवढं. मका भिजला, घास भिजला. मेरीनं चारीतून रानात पाणी घ्यायचं बारं बंद केलं नाही. भरलेल्या वाफ्यांवरून पाणी सांडायला लागलं, बांध ओलांडून ओढ्यात उतरायला लागलं. मेरी बांधावर बसली आणि वर कल्याणकडं बघत राहिली. उन्हं डोक्यावर यायला लागली. अख्खा गाव चारीवर जमला होता आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. काल आमची तोंडं फार चालली होती.

शेवटी बायडाबाई टोपी घेऊन तिच्याकडं गेली.

"मेरे, भिजलं की बाई तुजं."

"कुनी सांगितलं?"

"दिसतंय की. तू व्हय म्हन, म्हंजी त्यो फोडील."

"मी न्हाई सांगनार, आत्याबाई," मेरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पान्याचं आमच्या घरच्यानं सांगितल्यालं तुमी मानीत न्हाई. काल त्यानं खरं सांगितलं, त्याचा हात मोडला. आज मी खरं सांगितलं तर माजं काय मोडाल?"

बायडाबाईनं टोपी तिच्याजवळ बांधावर ठेवली. मेरीनं ती पायानं सरकवून दिली. म्हातारी परत आली आणि मुलाला म्हणाली, "त्यालाच इचार."

योहानचा मोबाईल तर आम्ही फोडला होता. त्याच्या भावाच्या फोनवर लावला. बराच वेळ वाजला.

"योहान," कल्याणनं हाक मारली. फोन त्यानं तोंडासमोर धरला. मग कसंबसं म्हणाला, "मी पानी घिऊ का?"

स्पीकर चालू होता. दात पडलेल्या तोंडातून योहानचा फुटका आवाज आला.

"चालतंय का हुबं हाय?"

"चालतंय," कल्याण म्हणाला. तो रडत होता. "चालतंय रं."

"मग घे."

हे खाली मेरीलाही ऐकू गेलं. ती उठली, आपलं बारं मातीनं बुजवलं आणि मागं न बघता घराकडं गेली.

कल्याणनं पाणी घेतलं. झाडामागून झाड भिजत गेलं, आळी भरत गेली, आणि अर्धी बाग व्हायच्या आत चारीतलं पाणी उतरायला लागलं. दार पडलं होतं. शेवटचा ओघ एका झाडाच्या आळ्यात शिरला आणि तिथंच मुरला.

पुढं पाऊस लांबला. त्या झाडाच्या अलीकडली मोसंबी जगली, पलीकडली उभी वाळली. योहानचा हात कोपरात वाकत नाही. तो आजही पट्टीवर बसतो, डाव्या हातानं फोन धरतो, आणि आकडा सांगायच्या आधी पाण्यात काडी टाकून बघतो. कल्याण पुन्हा कधी पुलावर बघायला गेला नाही. मेरी त्याच्याशी बोलत नाही, आणि बोलावं असं तिला कोणी म्हणतही नाही.

वाळलेल्या झाडांना दोन वर्षं होऊन गेली. मधे एक वखारवाला आला होता. म्हणाला, चांगला भाव देतो, तोडून नेतो, रानही मोकळं होईल. कल्याण घरातच होता, पण बाहेर आला नाही. बायडाबाईच ओट्यावरून म्हणाली, "ती तोडायची न्हाईत बाबा. ती पट्टी हाय आमची."